उकल झोके घेते का, हे समीकरण न सोडवता कसं ओळखावं

एम.एस्सी.ची मुलं इंटिग्रल इक्वेशनची वही घेऊन संध्याकाळी माझ्या नाशिकमधल्या गंगापूर रोडच्या घरी येतात, तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, सुटतच नाही." त्यांचं बरोबर आहे. अरेषीय संकलन समीकरणं, म्हणजे ज्यांत उकल स्वतःच संकलनाच्या (इंटिग्रलच्या) आत अडकलेली असते अशी, बहुतेक वेळा सूत्रात सुटत नाहीतच. पण मी त्यांना प्रश्न पुन्हा वाचायला लावते. प्रश्नात "सोडवा" असं कुठेच नसतं. "उकल दोलायमान आहे का ते ठरवा" असं असतं. उकल किती हे विचारलेलं नाही, ती कशी वागते हे विचारलंय. आणि ते सांगायला उकल हातात असावी लागत नाही. समीकरणाला मागचं किती आठवतं आणि कसं आठवतं, एवढं वाचता आलं की पुष्कळ काम होतं. ते वाचायचं कसं, हे इथे लिहिते.

आधी खुणा ठरवू. उकल क्ष, आत्ताची वेळ ट, मागे होऊन गेलेला कुठलाही क्षण स. समीकरणाचा साचा असा:

क्ष(ट) = फ(ट) − [स = ० पासून ट पर्यंत, क(ट − स) × ग(क्ष(स)) यांचं संकलन]

फ म्हणजे बाहेरून दिलेला रेटा. ग मुळे समीकरण अरेषीय होतं. ग म्हणजे क्षचा घन असेल किंवा आणखी काही. आणि क म्हणजे कर्नल, आपल्या गोष्टीचा नायक. ट − स इतक्या वेळापूर्वी जे झालं त्याचं आज किती वजन, हे कर्नल सांगतो. कर्नल ही समीकरणाची आठवण आहे. इटालियन गणितज्ञ वोल्टेराने १९२६ मध्ये मोठ्या आणि छोट्या माशांच्या संख्या वरखाली का होतात हे गणिताने मांडलं, आणि या प्रकारच्या समीकरणांनाही त्याचंच नाव आहे. हा योगायोग मला नेहमी सूचक वाटतो: झोके समजून घेणारा आणि आठवणीचं गणित करणारा माणूस एकच.

आता "दोलायमान" या शब्दाचा नेमका अर्थ, कारण निम्म्या चुका इथेच होतात. कितीही पुढची वेळ सांगा, तिच्यानंतरही उकलीचं चिन्ह बदलतं, अशी उकल दोलायमान. एकदा शून्य ओलांडून खाली गेली आणि तिथेच राहिली, तर नाही. २ + साइन ट ही लाट दिसते, पण ती कधी शून्याला शिवतच नाही. शून्याभोवती ती दोलायमान नाही, २ भोवती आहे. उलट, ई (e, सुमारे २.७१८) चा उणे ट घात गुणिले कोसाइन ट ही उकल इतक्या झपाट्याने विरते की आलेखात दोन वळणांनंतर सपाट रेघ दिसेल. तरीही ती दोलायमान आहे, कारण चिन्ह बदलणं कधी थांबत नाही. म्हणून पहिलं काम: कशाभोवतीचे झोके, ते ठरवा. स्थिर पातळी शोधा, ती उकलीतून वजा करा आणि उरलेल्याचं चिन्ह पाहा.

ज्यांना हा शब्द अजून हवेत वाटतो त्यांना मी देवळालीच्या कापरेकर गुरुजींचा खेळ देते. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं. हाच खेळ दोन अंकांवर करा: ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१. हा कधीच थांबत नाही. पाचांची सरासरी ४५, आणि संख्या तिच्या वर-खाली फिरत राहतात. नियम तोच, पण एक स्थिरावतो आणि दुसरा झोके घेतो. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी हे केलं, ही गोष्ट नाशिकच्या प्रत्येक मुलाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

आता कर्नल वाचूया. फ = १ आणि ग(क्ष) = क्ष धरा, म्हणजे फक्त आठवणीचा परिणाम दिसेल.

कर्नल सगळीकडे १ असेल, तर मागचं सगळं सारख्याच वजनाने आठवतं. दोन्ही बाजूंचं विकलन (डिफरन्सिएशन) करा: क्षचा वेग = −क्ष. उकल ई चा उणे ट घात. गुपचूप शून्याकडे उतरते, झोका नाही.

कर्नल (ट − स) असेल, तर गोष्ट जितकी जुनी तितकं तिचं वजन जास्त, आणि नुकतं घडलेल्याचं वजन जवळजवळ शून्य. दोनदा विकलन केलं की क्षचं त्वरण = −क्ष. उकल कोसाइन ट. कायमचा झोका.

या दोन ओळी मी मुलांना पाठ करायला सांगत नाही, दर वेळी नव्याने करायला सांगते. फरक सगळा शून्याजवळच्या वजनात आहे. आत्ता घडलेलं लगेच मोजलं गेलं तर समीकरण स्वतःला वेळेवर आवरतं. ते मोजायला उशीर झाला तर आवरेपर्यंत उकल पलीकडे गेलेली असते.

विसरणारा कर्नल घ्या: ई चा उणे (ट − स) घात, गुणिले एखादा धन स्थिरांक म. जुनं हळूहळू पुसलं जातं. विकलन केल्यावर उरतं: क्षचा वेग = १ − क्ष − म × ग(क्ष). हे पहिल्या कोटीचं समीकरण आहे आणि त्यात ट उघडपणे कुठेच नाही. अशी उकल फक्त चढते किंवा फक्त उतरते. ग कितीही वेडावाकडा घ्या, झोका येणार नाही. "अरेषीय म्हणजे गुंतागुंतीचं, म्हणजे झोके असणारच" हा समज मुलं कुठून घेऊन येतात कोण जाणे, पण तो याच उदाहरणाने जातो.

झोका येतो तो टप्प्यांनी. इथे मला माहेरची कांदा साठवायची चाळ आठवल्याशिवाय राहत नाही. निफाड तालुक्यातलं घर, वडिलांचा कांदा. भाव चढला म्हणून दुसऱ्या दिवशी कांदा वाढत नाही. बी टाकायचं, रोप तयार व्हायला दीड-दोन महिने. मग लागण, शेतात आणखी साडेतीन-चार महिने. उन्हाळ कांदा असेल तर पुढे चाळीत मुक्काम, आणि मगच लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टर उभा राहतो. कालच्या भावाचा आजच्या आवकेवर परिणाम जवळजवळ नाही. काही महिन्यांपूर्वीच्या भावाचा सगळ्यात जास्त. फार जुन्या भावाचा पुन्हा नाही. असा कर्नल शून्यापासून सुरू होतो, चढतो, मग उतरतो. चाळीत बसून वडील जे बोलायचे त्याचं हेच चित्र आहे: सगळ्यांनी एकाच भावाकडे बघून लागण केली, की सगळ्यांचा माल एकाच वेळी येतो.

टप्पे मोजायची रीत अशी. प्रत्येक टप्प्याचा सरासरी वेळ सारखा धरा आणि त्यालाच एकक माना. एक टप्पा असेल तर वरचा विसरणारा कर्नल, झोका नाही. दोन टप्पे असतील तर कर्नल (ट − स) गुणिले ई चा उणे (ट − स) घात. स्थिर पातळीजवळ समीकरण रेषीय करा, म्हणजे ग च्या जागी त्या पातळीवरचा त्याचा चढ ठेवा. म आणि तो चढ यांच्या गुणाकाराला ल म्हणू. उकल ई चा (प × ट) घात अशी धरली की प साठी लक्षण समीकरण मिळतं: (प + १) चा वर्ग = −ल. ल धन असला की मुळं सदसत् (वास्तव आणि काल्पनिक भाग मिळून) येतात: −१ अधिक-उणे ल च्या वर्गमुळाइतका काल्पनिक भाग. ल = ९ असेल तर झोक्याचा काळ २ पाय (π) भागिले ३, म्हणजे सुमारे २.०९, आणि तेवढ्या वेळात झोका साधारण १२ टक्क्यांवर येतो. दोन टप्प्यांचा झोका असतो, पण वास्तव भाग नेहमी −१, म्हणून तो विरतोच.

तिसरा टप्पा आला की चित्र पालटतं. (प + १) चा घन = −ल. सदसत् मुळांचा वास्तव भाग −१ अधिक ल च्या घनमुळाचा अर्धा भाग. ल = ८ ला तो बरोबर शून्य. ८ च्या खाली झोका विरतो, ८ च्या वर वाढतो. ल = ८ ला काल्पनिक भाग ३ चं वर्गमूळ, म्हणून झोक्याचा काळ सुमारे ३.६३ टप्पे. रोप, शेत, चाळ असे तीन टप्पे माझ्या डोळ्यांसमोर येतात, पण हे लासलगावच्या भावाचं भाकीत समजू नका. पाऊस, निर्यातीचे निर्णय, दुसऱ्या राज्यांतला माल हे सगळं फ मध्ये येतं आणि फ आपल्या हातात नसतो. शिकायचं ते एवढंच: विलंब एका घासात गिळू नका, त्याचे टप्पे किती ते मोजा.

वाढणारा झोका अनंतापर्यंत का जात नाही? इथे खरा अरेषीय भाग कामाला येतो, आणि ते बघायला न्हाणीघर पुरतं. निफाडकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांनी हे हजारदा केलंय. गीझर एका टोकाला, नळ दुसऱ्या टोकाला. पाणी गार लागतं म्हणून नळ फिरवता, काही होत नाही, आणखी फिरवता, मग एकदम पोळतं. नळाची आत्ताची जागा म्हणजे आजवर फिरवलेल्या सगळ्या फिरक्यांची बेरीज, म्हणजे संकलन. आणि प्रत्येक फिरकी त्या आधी काही सेकंदांपूर्वी नळातून सुटलेल्या पाण्याकडे बघून केलेली.

मोबाइलच्या घड्याळाने विलंब मोजा. समजा ८ सेकंद. हवं तसं पाणी आणि लागतं तसं पाणी यांतल्या फरकाचा जितका भाग तुम्ही दर सेकंदाला दुरुस्त करता त्याला अ म्हणा. अ गुणिले विलंब, हा आकडा ई च्या व्यस्तापेक्षा, म्हणजे सुमारे ०.३६८ पेक्षा, जास्त असेल तर प्रत्येक उकल दोलायमान. त्याहून कमी किंवा तेवढाच असेल तर न झुलता स्थिरावणारी उकल असते. तोच आकडा पाय भागिले २, म्हणजे सुमारे १.५७१, च्या वर गेला तर झोके वाढत जातात. ८ सेकंदांना याचा अर्थ: सेकंदाला ४.६ टक्क्यांपेक्षा जास्त घाई केली की पाणी गरम-गार होणारच, आणि साधारण १९.६ टक्क्यांच्या वर ते आवरतच नाही. पण नळाला दोन्हीकडे अटकाव आहे. पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा यांच्या पलीकडे तो जात नाही. म्हणजे ग दोन्ही टोकांना सपाट होतो, आणि वाढणारा झोका एका ठरावीक मापावर टिकून राहतो. रेषीय भाग झोका सुरू होतो का ते सांगतो, अरेषीय भाग तो केवढा होतो ते सांगतो. पर्यावरणशास्त्रज्ञ हचिन्सनने १९४८ मध्ये प्राण्यांच्या संख्येसाठी विलंबाचं समीकरण मांडलं, त्यातही रेषीय करून हीच दोन बंधनं मिळतात.

आता सिद्धता. परीक्षेत मुलं इथे घाबरतात, पण जवळजवळ सगळ्या सिद्धता एकाच वाटेने जातात: उकल एका क्षणानंतर कायम धन आहे असं धरायचं आणि विसंगती काढायची, मग तेच ऋणासाठी. कर्नल (ट − स), फ = १, ग = क्षचा घन घ्या. दोनदा विकलन केल्यावर त्वरण = −क्ष घन. समजा त क्षणानंतर क्ष धन. मग त्वरण ऋण, वेग घटत जातो. वेग एकदा जरी ऋण झाला, तरी तो आणखी घटतच जाणार, म्हणून क्ष सरळ खाली येऊन शून्याच्या पलीकडे जाईल. ते आपण नाकारलंय. म्हणून वेग कधीच ऋण नाही, म्हणजे क्ष निदान क्ष(त) इतका राहतो. मग त्वरण −क्ष(त) च्या घनाइतकं किंवा त्याहून खाली, आणि वेग उणे अनंताकडे. विसंगती. ऋणासाठी सगळी चिन्हं उलटी करा. संपलं. ही सिद्धता वहीत एकदा स्वतःच्या हाताने लिहिली की पुढच्या दहा तिच्याच वाटेने जातात.

बाहेरचा रेटा मोठा असेल तर काम आणखी सोपं. फ(ट) = ट × साइन ट आणि विसरणारा कर्नल घ्या; ग चं चिन्ह क्षच्या चिन्हासारखंच असावं. क्ष त नंतर धन आहे असं धरा. त नंतरचा संकलनाचा भाग वजाच होतो, त आधीचा भाग बांधलेला (एका मर्यादेत) राहतो, म्हणून क्ष(ट) ≤ फ(ट) + एक स्थिरांक. पण ट × साइन ट मधूनमधून हवा तितका खाली जातो, म्हणून क्ष तिथे धन राहूच शकत नाही. वरच्या बाजूनेही तसंच. एक सावधगिरी: कर्नल (ट − स) असेल तर त आधीचा भाग ट बरोबर वाढतो, बांधलेला राहत नाही. मग फ ने ट पेक्षाही वेगाने दोन्हीकडे झेपावायला हवं. ही ओळ मुलं हमखास विसरतात आणि तिथेच मार्क जातात.

शेवटी आकडे. हे सगळ्यात आधी हाताने करा, मग कॉम्प्युटरवर. वरचंच घनाचं उदाहरण, पायरी ०.५, समलंब चौकोनांची रीत (संकलन म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, ते समलंब चौकोनांच्या पट्ट्यांत मोजायचं). यातली सोय बघा: स = ट ला कर्नल शून्य, म्हणून नवीन क्ष उजव्या बाजूला येतच नाही, मागच्यांवरून थेट मिळतो. सुरुवात १.

०.५ ला: १ − ०.५ × (०.५ × ०.५ × १) = ०.८७५.

१ ला: आधी ०.८७५ चा घन, ०.६७०. मग १ − ०.५ × (०.५ × १ × १ + ०.५ × ०.६७०) = ०.५८३ येतं, कच्च्या कामात एक दशांश स्थान जास्त धरलं तर.

याच रीतीने १.५ ला ०.२४१ आणि २ ला −०.१०५. चिन्ह १.५ आणि २ च्या मध्ये बदललं. दोन बिंदूंमधून सरळ रेघ काढली तर १.८४८ ला. खरी जागा १.८५४. चार पायऱ्यांत, साध्या कॅल्क्युलेटरवर! पहिल्यांदा हा आकडा जुळतो तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. या समीकरणाचा पूर्ण झोका ७.४१६ भागिले सुरुवातीची उंची. फ = १ च्या जागी २ घ्या, काळ निम्मा होतो, ३.७०८. कोसाइनचा झोका उंचीकडे बघत नाही, त्याचा काळ नेहमी ६.२८३. उंचीवर काळ बदलणं ही अरेषीयतेची खरी खूण आहे, आणि आलेखात मी सगळ्यात आधी तीच शोधते.

एक फसगत मात्र माझी स्वतःची झालेली आहे, म्हणून ती सविस्तर सांगते. शिकत असताना मी कर्नल ३ या स्थिरांकाचं उदाहरण पायरी ०.५ घेऊन, डाव्या टोकाच्या आयतांनी काढलं होतं. आकडे आले १, −०.५, ०.२५, −०.१२५. सुंदर विरणारा झोका. मी त्यावर दोन पानं लिहिली, सरांना दाखवलीसुद्धा. सरांनी एकच विचारलं, "विकलन केलंस का?" केलं असतं तर दिसलं असतं: वेग = −३ क्ष, उकल ई चा उणे ३ट घात, जी कधीच शून्य ओलांडत नाही. झोका समीकरणाचा नव्हता, माझ्या पायरीचा होता. त्या रीतीत प्रत्येक पायरीला (१ − ३ × पायरी) ने गुणलं जातं, ०.५ ला हा गुणक −०.५. पायरी ०.१ केली की ०.७, ०.४९, ०.३४३, आणि झोका नाहीसा. समलंब चौकोनांची रीतही यातून सुटत नाही. तिथे पायरी आणि स्थिरांक यांचा गुणाकार २ च्या वर गेला की तसंच होतं. त्या दोन पानांचं मला फार वाईट वाटलं होतं, आणि तेव्हापासून मी एकाच पायरीवर काढलेला कुठलाही झोका मान्य करत नाही, माझा स्वतःचाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वहीत पान उभं दुभागलेलं असतं. डावीकडे पायरी ०.५, उजवीकडे ०.२५. घनाच्या उदाहरणात उजवीकडच्या रकान्यात १.७५ ला ०.०७२ आणि २ ला −०.१०४ येतं, शून्य १.८५२ ला. डावीकडे १.८४८, उजवीकडे १.८५२, खरं १.८५४. पायरी निम्मी केली तरी शून्य जागचं हललं नाही, फक्त आणखी जवळ सरकलं. दोन्ही रकाने असे जुळले की मगच मी सिद्धता लिहायला घ्यायला सांगते.